कमोड पुन्हा पुन्हा तुंबतोय? आधी ओल्या वाइप्सचा संशय घ्या

फ्लश केला की पाणी भांड्यात वर चढतं, काठाजवळ येऊन थांबतं आणि मग रेंगाळत उतरतं. प्लंजर, म्हणजे दांड्याला लावलेली रबरी वाटी, मारला की सगळं सुरळीत होतं. दोन-तीन आठवडे जातात आणि पुन्हा तेच. तुमच्याकडे असं होत असेल आणि घरात ओले वाइप्स वापरात असतील, तर पुढचं सगळं वाचा.

मी प्लंबर नाही. वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी आमचा कमोड चार वेळा तुंबला, तेव्हापासून हा बिघाड मला कळत गेला. नंतर ताईकडे, शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे मिळून पंधरा-सोळा वेळा तरी मी तो काढला असेल. आमच्या घरी पहिल्या तीन वेळा मी अडकलेला गोळा पुढे ढकलला आणि काम झालं असं समजले. चौथ्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीतून मैलापाणी वर आलं. त्या दिवशी पाइपमधून जे निघालं ते मनगटाएवढं जाड होतं, पिळलेल्या राखाडी दोरखंडासारखं. त्यात कित्येक महिन्यांचे वाइप्स होते आणि काहींवरची नक्षी अजून स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगते: वाइप्स पुढे ढकलायचे नाहीत, बाहेर काढायचे.

लक्षणं

– फ्लशनंतर पाणी वर चढून सावकाश उतरतं आणि तास-दोन तासांनी भांड्यातली पातळी नेहमीपेक्षा खाली गेलेली दिसते. यातला दुसरा भाग नीट बघा. कमोडच्या आत पाइपला वळण असतं. त्यात कायम पाणी साठलेलं असतं, म्हणून ड्रेनेजचा वास घरात येत नाही. या वळणाच्या कडेवर एखादा वाइप लोंबकळत राहिला, तर तो दिव्यातल्या वातीसारखा पाणी शोषून पलीकडे सोडत राहतो. टॉयलेट पेपर अडकला असेल तर तो भिजून सुटतो, असं तासन् तास पाणी ओढत नाही.

– फ्लश केल्यावर बाथरूमच्या जमिनीवरच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. पाइपमध्ये कोंडलेली हवा जागा मिळेल तिथून बाहेर पडत असते.

– वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की कमोडमध्ये बुडबुडे येतात.

– पाणी पूर्ण अडलेलं नसतानाही बाथरूममध्ये वास येतो.

– बाहेरच्या चेंबरमध्ये, म्हणजे ड्रेनेजच्या पाइपवरच्या झाकणाच्या खड्ड्यात, राखाडी चिंध्या तरंगताना किंवा पाइपच्या तोंडाशी अडकलेल्या दिसतात. हे दिसलं की शंका उरत नाही.

– आणि सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे ठरावीक दिवसांनी तुंबणं. मैला किंवा कागद एकदा निघून गेला की गेला. वाइप्सचं तसं नसतं. पाइपच्या आतल्या एखाद्या खडबडीत सांध्यावर पहिला वाइप अडकतो, पुढचा त्याला बिलगतो, आणि पाणी जात असल्यामुळे आपल्याला काही कळत नाही. ज्या दिवशी तुंबतं त्या दिवशी टाकलेला वाइप खरा दोषी नसतोच.

वाइप्सशी संबंध नसलेली लक्षणंही असतात. फक्त वॉश बेसिन हळू उतरत असेल तर केस आणि साबणाचा चोथा बघा. पाणी सगळीकडे नीट उतरतंय, पण सगळ्या मजल्यांवर गुडगुड आहे, तर पाइपमधली हवा बाहेर सोडायला छतावर जाणारा व्हेंट पाइप बंद झालेला असू शकतो. घर नवं आहे आणि पहिल्या दिवसापासून कमोड मंद आहे, तर पाइपच्या उताराचा प्रश्न असतो.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

*१. घरात विचारा.* याला पैसे लागत नाहीत आणि निम्मा उलगडा इथेच होतो. मात्र विचारताना रागाने विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. बाळाचे वाइप्स कुठे टाकता, मेकअप पुसायचे कुठे, कमोडची सीट पुसायचे जंतुनाशक वाइप्स कुठे, रुग्णाची स्वच्छता करणारी व्यक्ती काय करते, पाहुणे राहून गेले का, हे सगळं एकेक करून विचारा. ‘आम्ही वाइप्स फ्लश करत नाही’ असं सांगणाऱ्या घरांतही मला पाइपमधून वाइप्स मिळाले आहेत आणि ती माणसं खोटं बोलत नव्हती. दोनदा उत्तर पोछ्याच्या बादलीत सापडलं. फरशी पुसताना वापरलेले वाइप्स बादलीत राहायचे आणि गढूळ पाण्याबरोबर ती बादली थेट कमोडमध्ये ओतली जायची. म्हणून बादली कुठे रिकामी होते हेही विचारा.

*२. बाटलीत घालून बघा.* झाकणाच्या दोन बाटल्या घ्या, अर्ध्या पाण्याने भरा. एकीत टॉयलेट पेपरचा तुकडा, दुसरीत तुमच्या घरातला वाइप. दोन्ही जोरात हलवा आणि अर्धा तास ठेवून पुन्हा हलवा. कागदाचा लगदा होईल. वाइप बहुतेक वेळा जसाच्या तसा बाहेर येईल, धुऊन वाळत घालण्यासारखा. ‘फ्लश करता येतं’ असं लिहिलेलं पाकीट घरात असेल तर तोच वाइप वापरा.

ही चाचणी मी सगळ्यांना करायला लावते, कारण घरातल्या माणसांना पटलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. यामागचं कारणही साधं आहे. टॉयलेट पेपर लाकडाच्या लगद्याच्या आखूड तंतूंचा असतो आणि पाणी लागताच त्या तंतूंची पकड सुटते. वाइप हे खरं तर न विणलेलं कापड आहे. त्यात पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा व्हिस्कोस यांचे लांब तंतू असतात आणि बऱ्याच वाइप्समध्ये ते उच्च दाबाच्या पाण्याच्या बारीक धारांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. पाण्याच्या माऱ्याखाली तयार झालेलं कापड फ्लशच्या पाण्याने सुटेल कसं? शिवाय ते पाकिटात महिनोन् महिने ओलंच असतं. ओल लागून सुटणारं असतं तर पाकिटातच त्याचा लगदा झाला असता.

२०१९ साली टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठात १०१ उत्पादनं तपासली गेली. त्यातली २३ ‘फ्लश करता येतं’ असं सांगून विकली जात होती. सांडपाण्याच्या पाइपमधून सुखरूप जाईल इतका त्यातला एकही वाइप सुटला नाही.

किचन रोललाही हेच लागू आहे. तो कागदच असतो, पण ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यात वेगळं रसायन घातलेलं असतं. तोही कमोडमध्ये टाकू नका.

*३. फ्लशची टाकी उघडून बघा.* टाकीचं झाकण काढा. पाणी खुणेपर्यंत भरतंय का? फ्लश केल्यावर टाकी पूर्ण रिकामी होते का? जुन्या टाक्यांत ९ लिटर किंवा त्याहून जास्त पाणी असायचं, आताच्या बऱ्याच टाक्यांत ६ लिटर असतं आणि दोन बटणांच्या टाकीतलं छोटं बटण साधारण ३ लिटरच सोडतं. एवढ्याशा पाण्यात कागद वाहून जातो. वाइप मात्र पहिल्याच वळणावर बसतो. टाकी अर्धीच भरत असेल तर कमोड तुंबल्यासारखा वागतो आणि आपण विनाकारण पाइप खणत बसतो. फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी ठरवणारा तरंगता भाग, नीट करणं दोन मिनिटांचं काम आहे, ते आधी उरकून घ्या.

*४. एकच जागा अडली आहे की सगळं घर?* कमोडला हात न लावता बेसिनचा नळ दोन मिनिटं सोडा, मग बाथरूमच्या जाळीवर अर्धी बादली पाणी ओता. दोन्हीकडे पाणी नीट उतरलं तर अडथळा कमोडच्या वळणात किंवा त्याच्या लगेच पुढे आहे. बेसिन आणि जाळीही मंद असतील, किंवा तिकडे ओतलेलं पाणी कमोडमध्ये चढत असेल, तर अडथळा सगळे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे आहे. पहिलं बहुतेक वेळा घरच्या घरी निघतं. दुसऱ्यासाठी चेंबर उघडावा लागतो. घर दोन मजली असेल तर वरच्या मजल्यावरचा एकही नळ या वेळात सोडू नका, सगळं पाणी खालच्या जाळीतून वर येईल.

*५. चेंबरचं झाकण उघडा.* चेंबर तुमच्या आवारात असेल तरच. इमारतीचा सामाईक असेल तर व्यवस्था बघणाऱ्यांना विचारून उघडा. झाकण जड असतं, दोघांनी उचला, बोटं फटीत घालू नका. उघडल्यावर पाच-दहा मिनिटं लांब थांबा, आत वाकू नका, काडी-सिगारेट जवळ नको. आत साठलेला वायू जळूही शकतो आणि श्वासालाही घातक असतो.

आता नुसतं बघा. घरात कमोड तुंबलेला आहे आणि चेंबर कोरडा किंवा नेहमीसारखा वाहता आहे, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मधे आहे. चेंबर काठोकाठ भरलेला आहे, तर तो पुढे आहे. पुढचाही चेंबर उघडा. भरलेला चेंबर आणि रिकामा चेंबर यांच्या मधला पाइपचा तुकडा, तिथेच गोळा आहे. हे न बघता घरातून पाइप साफ करायची लवचीक तारेची स्प्रिंग घालणं म्हणजे अंधारात चाचपडणं. मी एकदा दीड तास बाथरूममधून झटत राहिले आणि गोळा दुसऱ्या चेंबरच्या तोंडाशी हाताच्या अंतरावर होता.

मधेच एक थांबा: बाटलीतली औषधं ओतू नका

याच टप्प्यावर माणूस कंटाळतो आणि ड्रेन क्लीनरची बाटली आणतो. कृपा करून आणू नका. त्यातला कॉस्टिक सोडा चरबी आणि केस खातो. वाइप्सचं कापड तो विरघळवत नाही. साठलेल्या पाण्यात तो खाली बसतो, पाणी तापवतो आणि तसाच राहतो. मग प्लंजर मारणाऱ्याच्या किंवा नंतर येणाऱ्या प्लंबरच्या तोंडावर तेच पाणी उडतं. डोळे जाऊ शकतात. ॲसिड आणि ब्लीच एकामागोमाग ओतले तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो प्राणघातक ठरू शकतो.

उकळतं पाणीही नको. चिनी मातीचं भांडं तडकतं, प्लास्टिकचे पाइप मऊ पडून वाकतात. आणि औषध आधीच ओतलं गेलं असेल तर हाताने काही करू नका, थेट प्लंबरला बोलवा आणि काय ओतलं ते आधी सांगा.

पुन्हा तपासणीकडे

*६. प्लंजर.* बेसिनसाठी सपाट वाटीचा प्लंजर असतो, तो कमोडला बसत नाही. कमोडचा वेगळा असतो, वाटीच्या आतून एक नळी बाहेर आलेली असते. ती भोकात नीट बसते. भांड्यात रबर बुडेल इतकं पाणी हवं. बाथरूमची जाळी ओल्या जाड कापडाने दाबून बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो.

आता महत्त्वाचं. पहिला दाब हळू द्या, वाटीतली हवा बाहेर जाऊ दे. मग जोर ओढताना लावा, दाबताना नाही. दाबून गोळा पुढे जातो आणि पुढच्या वळणावर अधिक घट्ट बसतो. ओढून तो सैल होतो आणि पुष्कळदा भांड्यात परत येतो. पंधरा-वीस वेळा करा, थांबा, पाणी बघा. भांड्यात एखादं कापडाचं टोक दिसलं तर फ्लश करू नका. जाड रबरी हातमोजे घालून ते धरा आणि सावकाश ओढा. एक टोक धरून सहा-सात वाइप्स एका माळेत आलेले मी बघितले आहेत. झटका दिला तर माळ तुटते आणि बाकीची आत राहते.

पाणी ‘धाडकन’ उतरलं पण हाताला काहीच लागलं नाही, तर मी काम झालं असं धरत नाही. गोळा पुढे गेलेला असतो. मग चेंबरपाशी जाऊन तो तिथे पोचतो का ते बघते.

*७. कमोडचा ऑगर.* साधारण एक मीटर लांबीची लवचीक स्प्रिंग असते, एका टोकाला आकडा, दुसऱ्याला फिरवायची मूठ. आकडा ज्या नळीतून बाहेर येतो तिला रबराचं आवरण असतं, त्यामुळे भांड्याला ओरखडे पडत नाहीत. कपड्याचा तारेचा हँगर सरळ करून घालणं टाळा. त्याने भांड्याच्या आतला गुळगुळीत थर खरवडला जातो आणि पुढे त्याच ओरखड्यांवर सगळं अडकतं. वाइप्स आधीच खडबडीत जागा शोधत असतात, आपण आणखी एक तयार करून द्यायची नाही.

ऑगर हळू फिरवत आत घाला. अडथळा लागला की जोर न लावता त्याच दिशेने आठ-दहा फेरे द्या म्हणजे कापड आकड्याला गुंडाळलं जातं. मग मूठ त्याच दिशेने अर्धी-अर्धी फिरवत मागे ओढा. उलटं फिरवलं की गुंडाळलेलं सुटून जातं. जे निघेल ते जवळ ठेवलेल्या जाड पिशवीत टाका. एकदा काहीतरी निघालं म्हणून थांबू नका. पुन्हा घाला, आकडा रिकामा येईपर्यंत.

शेवटी एक बादली पाणी ओता. वाइप्स खरंच निघाले असतील तर ते जोरात घेऊन जातं आणि तासाभराने भांड्यातली पातळी कमी झालेली नसते. ती वातीची खूण गेली की वळण मोकळं झालं.

*८. चेंबरमधून रॉड किंवा लांब स्प्रिंग.* हे घरच्या माणसाने करायचं शेवटचं काम. तेही चेंबर उथळ असेल, वरून उभं राहून करता येत असेल आणि आवार तुमचं असेल तरच. स्प्रिंग रिकाम्या, म्हणजे पुढच्या चेंबरमधून मागे घरच्या दिशेला घाला, म्हणजे वाइप्स तुमच्याकडे ओढले जातील. चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी आधी एखादी जाळी किंवा दाताळं लावून ठेवा, नाहीतर सुटलेला गोळा पुढच्या लाइनमध्ये जाऊन बसतो. तुंबलेलं पाणी एकदम सुटून अंगावर येतं, त्या बेताने बाजूला उभे राहा. एकमेकांना जोडायचे रॉड असतील तर कायम घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवलं की आतल्या आत आटे सुटतात आणि रॉड पाइपमध्ये राहून जातो.

हात कोपरापर्यंत झाका, डोळ्यांना चष्मा लावा, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. झाल्यावर साबणाने हात धुवा आणि अवजारं ब्लीचच्या पाण्यात ठेवा, पण त्याच बादलीत ॲसिड पडलेलं नसल्याची खात्री करून.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका:

– मैलापाणी एकापेक्षा जास्त ठिकाणांहून वर येतंय.

– प्लंजरच्या तीन फेऱ्या आणि ऑगरच्या दोन फेऱ्या झाल्या, तरी पाणी हलत नाही.

– स्प्रिंग अडकली आणि मागे येत नाही. जोर लावला तर पाइप फुटतो.

– पाइपमध्ये रसायन ओतलं गेलं आहे.

– चेंबर खोल आहे, सामाईक आहे किंवा रस्त्याखाली आहे.

– वाइप्स टाकणं पूर्ण बंद करूनही दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तुंबलं.

– घराला सेप्टिक टँक आहे आणि टँकच्या तोंडाशीच अडलं आहे.

शेवटच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे. सेप्टिक टँकमध्ये वाइप्स कुजत नाहीत, ते बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी आणि पंप असेल तर त्याच्या पात्यांभोवती गुंडाळतात. ते काढायला कुणी ‘मी जरा उतरून बघतो’ म्हणालं तर त्याला उतरू देऊ नका. पैसे दिले तरी नाही, ओळखीचा असला तरी नाही, पाचच मिनिटांचं काम असलं तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा वास सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच जाते आणि माणसाला वाटतं वास गेला, धोका गेला. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. हे काम वरून, यंत्राने उपसा करूनच व्हायला हवं. तसं करणारे मिळेपर्यंत कमोड बंद ठेवा.

प्लंबर आला की त्याला तुमच्या तपासणीची उत्तरं द्या: कोणता चेंबर भरलेला, कोणता रिकामा, किती दिवसांनी तुंबतं, काय ओतलं, काय निघालं. यामुळे त्याचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाचतं. त्याच्याकडून दोन गोष्टी मागा. एक, निघालेलं बाहेर काढून दाखवा. नुसतं पाण्याच्या दाबाने पुढे ढकललं तर महिन्याभराने पुन्हा फोन करावा लागेल, किंवा शेजाऱ्याला करावा लागेल. दोन, वारंवार होत असेल तर पाइपमध्ये कॅमेरा घाला. सरकलेला सांधा, आत शिरलेलं झाडाचं मूळ, खचून उलटा झालेला उतार हे बाहेरून कळत नाही. १०० मिलिमीटरच्या पाइपला साधारण ४० ते ८० मीटर लांबीला एक मीटर इतका उतार असावा लागतो. तो बिघडला असेल तर वाइप्स बंद केल्यावरही इतर काही ना काही तिथे साठत राहणार, आणि तो पाइप दुरुस्त करण्यावाचून इलाज नाही.

वाइप्स टाकायचे कुठे

तुंबलेलं काढणं एका दुपारचं काम आहे. हे खालचं केलं नाही तर ती दुपार परत येते.

कमोडच्या हाताच्या अंतरावर झाकणाचा डबा ठेवा. पायाने उघडणारा असेल तर उत्तम. दाराबाहेरचा किंवा स्वयंपाकघरातला डबा चालत नाही. हातात घाण झालेला वाइप असताना कुणी उठून तिथपर्यंत जात नाही, आणि रुग्णाची सेवा करणाऱ्याकडून तर ती अपेक्षा करूच नये. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. वडिलांच्या वेळी आमच्याकडे डबा नव्हता, एवढंच कारण होतं.

डब्याला पिशवी लावा. वाइपवरचा मैला कमोडमध्ये झटका, वाइप घाणीची बाजू आत घेऊन दोनदा दुमडा आणि डब्यात टाका. पिशवी रोज बांधून, तुमच्याकडे डायपर ज्या कचऱ्यात जातात त्यात द्या. डायपर, सॅनिटरी पॅड, कापूस, दात साफ करायचा धागा, सगळ्यांसाठी हाच डबा. धागा तर वाइप्सना एकमेकांत बांधून ठेवतो. खतात वाइप्स टाकू नका, पॉलिस्टर त्यात तसंच राहतं. पुनर्वापराच्या डब्यातही नको, मळलेलं कापड तिथे कुणी घेत नाही आणि बाकीचा चांगला मालही खराब होतो.

‘जैवविघटनशील’ लिहिलेले वाइप्स घेतले म्हणून फ्लश करू नका. तो शब्द काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुजण्याबद्दल असतो, आणि पाइपच्या वळणातून वाइपला काही सेकंदांत जायचं असतं. ‘फ्लश करता येतं’ या शिक्क्याचीही तीच गत. ब्रिटनमध्ये २०१९ साली पाणी कंपन्यांच्या संघटनेने ‘फाइन टू फ्लश’ नावाचा शिक्का सुरू केला होता, कडक चाचणी पार केलेल्या वाइप्ससाठी. २०२४ मध्ये त्यांनी तो स्वतःच बंद केला आणि सगळेच वाइप्स कचऱ्यात टाका, असा एकच सल्ला ठेवला. मला तो सल्ला घरासाठीही योग्य वाटतो. कोणता चालतो, कोणता नाही हे घरातल्या पाच माणसांना समजावत बसण्यापेक्षा ‘एकही नाही’ हे लक्षात ठेवणं सोपं. युरोपीय संघात २०२१ पासून प्लास्टिक असलेल्या वाइप्सच्या पाकिटावर ते कमोडमध्ये टाकू नका असं चित्र छापावं लागतं. तुमच्या पाकिटावर तसं चित्र नसलं तरी आतलं कापड तेच असू शकतं.

स्वयंपाकघराच्या मोरीकडेही बघा. वाइप्सचा गोळा एकट्याने इतका घट्ट होत नाही. मोरीत ओतलेलं तेल-तूप पुढे त्याच पाइपला मिळतं, त्यातल्या स्निग्धाम्लांचा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होतो आणि साबणासारखा कडक थर वाइप्सवर चढतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली सापडलेला असा गोळा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता. त्यात मुख्यतः हेच दोन होते, चरबी आणि वाइप्स. तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसा आणि तो कागद कचऱ्यात टाका.

लहान मूल किंवा अंथरुणावरचा रुग्ण घरात असेल तर वाइप्स पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही. ते उपयोगाचे आहेत. जिथे जमेल तिथे कोमट पाणी आणि धुऊन वापरायचे मऊ सुती तुकडे ठेवले की डबा कमी भरतो, एवढंच. आणि पाहुणे येणार असतील तर डब्याच्या झाकणावर एक कागद चिकटवा: ‘वाइप्स इथे टाका’. ‘कमोडमध्ये टाकू नका’ असं लिहिलं तर कुठे टाकायचे ते कळत नाही.

पाइप मोकळा झाल्यावर तारीख लिहून ठेवा. वाइप्स बंद केले तरी पुढच्या लाइनमध्ये राहिलेले जुने दीड-दोन महिने अधूनमधून सुटून येतात, त्यामुळे एखाद्या वेळी पाणी जरा मंद वाटलं तर घाबरू नका. महिन्याच्या शेवटी चेंबर उघडून बघा. चिंध्या कमी होत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. नव्या, पांढऱ्या स्वच्छ दिसत असतील तर पुन्हा पहिल्या तपासणीवर या आणि या वेळी पोछ्याच्या बादलीपासून सुरुवात करा.